बाविसावा शेकडा

मार्च महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी नऊ वाजून बेचाळीस मिनिटांनी, बीजपरीक्षण प्रयोगशाळेच्या दुसऱ्या मजल्यावरील मोजणीच्या खोलीत, उत्तरेकडच्या खिडकीजवळील टेबलापाशी माझ्या पत्नीचा उजवा हात निकामी झाला. आणि नऊ वाजून पन्नास मिनिटांनी तो पुन्हा तिचा झाला. या दोन वेळांबद्दल मला तिळमात्र शंका नाही, कारण समोरच्या भिंतीवर घड्याळ होते आणि मी ते पाहिले होते. बाकी ज्या गोष्टींची त्या दिवशी मला खात्री वाटत होती, त्यांतली निम्मी पुढे चुकीची ठरली.

ती बीजपरीक्षक आहे. पेरणीसाठी विकायच्या बियाण्याचा नमुना प्रयोगशाळेत येतो. त्यात पिकाचे बी किती, तणाचे किती आणि मातीकचरा किती, हे निवडून सांगणे हे तिचे एकतीस वर्षांचे काम. पायावर उभे केलेले मोठे भिंग, त्याखाली पांढरी पाटी, हातात टोकदार चिमटा, आणि एकेक दाणा. नियमपुस्तकाला शेवटी वजन पुरते. दाणे मोजण्याची सक्ती नाही. परंतु तिची स्वतःची रीत अशी, की ती शंभर-शंभर दाण्यांचे शेकडे करते आणि प्रत्येक शेकडा वेगळ्या काचेच्या थाळीत ठेवते. थाळीच्या एका कप्प्यात पिकाचे बी, दुसऱ्यात बाकीचे. त्या दिवशी पाटीवर आदल्या दिवशी सुरू केलेले कोबीचे बी होते आणि त्यात रानमोहरी मिसळलेली होती. दोन्ही गोल, दोन्ही काळपट, दोन्ही मोहरीएवढी. भिंगाखाली कोबीचा दाणा किंचित खडबडीत दिसतो आणि रानमोहरीचा गुळगुळीत. मला विचाराल तर मला दोन्ही मोहरीच दिसतात.

त्या सकाळी आमचा वाद झाला होता. तिने चष्म्याची दुसरी जोडी करून घ्यावी असे माझे म्हणणे होते, तिचे नको असे होते. आणि मुद्दा सिद्ध झाल्याशिवाय मला चैन पडत नसल्याने मी फाटकापर्यंत तिच्या मागे बोलत गेलो. मुद्दा सिद्ध झाला. त्या रागात ती होती ती एकुलती एक जोडीही टेबलावर विसरून गेली. ती पोचवायला मी गेलो. एकतीस वर्षांत मोजणीच्या खोलीत मी प्रथमच पाऊल टाकत होतो.

“घे,” मी म्हणालो, “यालाच मी सकाळपासून पुरावा म्हणत होतो.”

तिने वर पाहिले नाही. मला ते अपेक्षितच होते. तेवढ्यात तिच्या हातातून चिमटा निसटून पाटीवर पडला. तिने तो उचलण्यासाठी हात हलवला असावा. पण हात हलला नाही. कुणी काढून ठेवलेल्या हातमोज्यासारखा तो टेबलावर पडून राहिला. तिने त्याच्याकडे एकदाच, दारात आलेल्या अनोळखी माणसाकडे पाहावे तसे पाहिले, आणि डाव्या हाताने चिमटा उचलला.

“अगं, काय झालं?” मी विचारले. उत्तर नाही. “अगं, ऐकतेस का?” उत्तर नाही. तिसऱ्यांदा मी ओरडलोच. ती दाणे सरकवत राहिली. आधी मला वाटले, रुसवा आहे. मग तिच्या उजव्या हाताची बोटे पाहिली आणि रुसव्याची कल्पना मला लाज आणून निघून गेली. मी बोळात धावलो.

शेजारच्या खोलीत तिची सहकारी होती. दोन मुलांची आई असूनही सगळे तिला धाकटी म्हणतात, कारण ती नोकरीत सर्वांत उशिरा आली. “बाईंची वाचा गेली!” मी म्हणालो. “हातही गेला!” धाकटीने एका हाताने फोन उचलला, रुग्णवाहिका बोलावली, आणि दुसऱ्या हाताने मला भिंतीला टेकवून उभे केले, कारण मीच पडायच्या बेतात होतो.

आम्ही परतलो तेव्हा माझी पत्नी डाव्या हाताने, मुंगीच्या गतीने, एक दाणा कप्प्यात सरकवत होती. तो पडला. तिने चिमटा ठेवला, थाळीवर झाकण बसवले आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “शंभर. अहो, माझा उजवा हात गेलाय. गाडी बोलवा.”

“बोलावली, बाई,” धाकटी म्हणाली.

“बरं केलंस. हा बाविसावा शेकडा. या थाळीला कुणी हात लावायचा नाही.”

घड्याळात नऊ पन्नास झाले तेव्हा तिची तर्जनी हलली. मग सगळी बोटे हलली. रुग्णवाहिकेची माणसे वर आली तेव्हा तिने त्यांना उजव्या हाताने दार दाखवले; धाकटीने तरीही तिला गाडीत बसवलेच.

मी ज्ञानकोशाच्या कार्यालयात नोंदी तपासण्यात आयुष्य घालवले आहे. आधाराशिवाय विधान नाही आणि कारणाशिवाय घटना नाही, ही माझी दोन पथ्ये. रुग्णालयातल्या तीन दिवसांत मी घडलेल्या प्रकाराचा दोन पानी वृत्तांत लिहिला. तो चार वेळा सुधारला. त्यातले मुख्य वाक्य असे होते: ‘प्रथम वाणी लोपली, पाठोपाठ हात, आणि परतताना मात्र हा क्रम उलटला नाही, वाणीच आधी परतली.’ हे वाक्य मला फार नेमके वाटत होते. त्याच्या प्रती मी तातडीच्या विभागात, परिचारिकेला, आणि हृदयाच्या तपासणीसाठी आलेल्या डॉक्टरांनाही दिल्या. रुग्णाला त्रास नको म्हणून एकट्या रुग्णालाच तेवढी प्रत दाखवली नाही.

दुसऱ्या कागदावर मी संभाव्य कारणे लिहीत होतो. माझी सतरा झाली. अठरावे माझ्या थोरल्या बहिणीने आणले. ताई भेटायला आली ती दारातूनच बोलत आली.

“बाळ्या, मी सांगत नव्हते? इतकं बारीक काम! एकेक दाणा निवडायचा म्हणजे डोक्याची शीर ताणली जाणारच.”

“ताई, एकतीस वर्षं ताणली नाही ती?” माझी पत्नी उशीवरून म्हणाली.

“साचत जातं गं ते.”

“मग तुमच्या भावाशी संसार केला, ते कुठे साचलं असेल?”

ताई हसली, मग हसल्याबद्दल ओशाळली, मग डोळे पुसू लागली. मी अठरावे कारण खोडले नाही. खरे सांगायचे तर त्या कागदावर पहिल्या क्रमांकाची जागा मी कोरी ठेवली होती. तिथे काय लिहायचे ते मला ठाऊक होते: सकाळी फाटकापर्यंत चाललेला वाद. ते लिहायचे धैर्य होत नव्हते.

तपासण्या होत गेल्या. मेंदूचे चित्र स्वच्छ आले. मानेच्या शिरा मोकळ्या निघाल्या. हृदयाचे ठोके दोन दिवस यंत्रावर घेतले, ते तालात होते. रक्तदाब जरा वर होता. चौथ्या दिवशी मेंदूच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावले. माझा वृत्तांत त्यांच्यासमोर होता.

“मिनी स्ट्रोक,” ते म्हणाले. “मेंदूच्या एका भागाचं रक्त थोडा वेळ अडलं आणि आपोआप सुटलं. इजा राहिलेली दिसत नाही. तुम्ही हे फार सुरेख लिहिलंय. फक्त एक विचारतो. बाई, बोलायला येईना असं तुम्हाला कधी जाणवलं?”

“केव्हा?” पत्नीने विचारले.

“त्या आठ मिनिटांत. इथे लिहिलंय, वाणी लोपली.”

तिने हात पुढे केला आणि माझ्या वृत्तांताची दोन्ही पाने शांतपणे वाचली. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. एखादा नमुना हाताळताना तिचा चेहरा असाच होत असणार.

“वाणी कुठे लोपली?” ती म्हणाली. “मी मोजत होते. हे आले तेव्हा त्रेसष्टावर होते. शेकडा पुरा होईपर्यंत मी बोलत नाही. बोललं की आकडा सुटतो. प्रयोगशाळेत सगळ्यांना माहीत आहे. मागे मला शंभरबाई म्हणतात, तेही मला माहीत आहे.”

“मी तीनदा हाक मारली,” मी म्हणालो.

“ऐकली. तिसरी तर खालच्या पहारेकऱ्यानंही ऐकली असेल.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. “म्हणजे हात गेलेला असताना तुम्ही त्रेसष्टपासून शंभरपर्यंत मोजलंत?”

“डाव्या हातानं. वेळ लागला.”

डॉक्टरांच्या आवाजात मग जो कठोरपणा आला तो मला आवडला. “बाई, तुमच्यासारखं मन मी कमी पाहिलंय, आणि तुमच्याइतका मूर्खपणाही. पुन्हा असं झालं, हात गेला, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना, तर चौसष्टावा दाणा उचलायचा नाही. त्याच क्षणी हाक मारायची. यावेळी रक्त आपोआप सुटलं. पुढच्या वेळी सुटेल याची हमी मी देत नाही.”

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “चुकलं माझं.”

एकतीस वर्षांच्या संसारात हे दोन शब्द मी तिच्याकडून इतक्या सहज कधी ऐकले नव्हते. आणि मी ते तिला कधीच ऐकवले नव्हते. तरीही मी गप्प बसलो नाही. “आणि कारण?” मी विचारले.

“सापडलं नाही.”

“कारणाशिवाय कार्य घडत नाही, डॉक्टर.”

“कारण नाही असं मी म्हटलं नाही. मला सापडलं नाही, असं म्हटलं. अशा बऱ्याच रुग्णांत ते सापडत नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळी देतोय, दाबाची देतोय, काही दिवसांनी हृदयाचे ठोके पुन्हा जास्त दिवस तपासू. तेव्हा सापडेल, किंवा नाही.”

मी सतरा अधिक एक कारणांचा कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला. “यातली तीन शक्य आहेत, बाकीची ऐकीव. पहिला क्रमांक कोरा का?”

“सकाळी वाद झाला होता,” मी म्हणालो. “वादानं होतं का?”

डॉक्टरांनी उत्तर द्यायच्या आत पत्नीच बोलली. “अहो, वादानं होत असतं तर मी लग्नाच्या पहिल्या वर्षीच आडवी झाले असते.”

डॉक्टर हसले नाहीत, ही त्यांची सभ्यता. ते एवढेच म्हणाले, “तसं म्हणायला माझ्यापाशी आधार नाही.” हे माझेच वाक्य होते; आयुष्यभर मी ते दुसऱ्यांच्या नोंदींवर लिहीत आलो होतो.

घरी आल्यावर मला वाटले, आता ती विश्रांती घेईल. तिने त्या संध्याकाळी प्रयोगशाळेच्या प्रमुखांना फोन लावला. मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता, कारण प्रमुख फोनवर बोलताना मैदानात असल्यासारखे बोलतात.

“अहो बाई, तो शेकडा टाकून द्या! धाकटी नव्यानं मोजेल. अर्ध्या तासाचं काम!”

“टाकायचा नाही,” ती म्हणाली. “तो दुसऱ्या कुणीतरी तपासायचा. मी येईपर्यंत कपाटात ठेवा, मोहोर लावून.”

तिने फोन ठेवल्यावर मी म्हणालो, “प्रमुखांचं चुकलं कुठे? संशयित भाग वगळायचा, हाच नियम.”

“तुमच्या कोशात असेल.” ती खुर्चीत बसून उजव्या हाताची बोटे एकेक करून अंगठ्याला टेकवत होती; डॉक्टरांनी सांगितलेले नव्हते, तिचे तिनेच ठरवलेले होते. “यंत्रानं माझ्या मेंदूचं चित्र काढलं ते चार तासांनी. त्या आठ मिनिटांत माझं डोकं शाबूत होतं की नव्हतं, हे त्या थाळीशिवाय कुणाला ठाऊक आहे?”

“आणि थाळीत चुका निघाल्या तर?”

“हात गेला तो दिसला, म्हणून कळलं. डोकं असं चोरून रजेवर जात असेल तर ते कुणाला दिसणार? मलासुद्धा नाही. महिन्याभरात सव्वीस नमुन्यांवर सही केलीय मी. माझी सही लोक जमिनीत पेरतात.” तिने बोटे थांबवली. “थाळी चुकली, तर ते सव्वीस नमुने परत तपासायला सांगणार आणि खुर्ची सोडणार. प्रमुखांना तसं लिहून देणार आहे.”

मला त्या खुर्चीचे तिच्या आयुष्यातले वजन माहीत होते. आणि तरी हा निर्णय तिने असा सांगितला, जसा दुसऱ्याच्या पिशवीचा अहवाल सांगावा. आपल्याविरुद्ध जाऊ शकेल असा एकमेव पुरावा जगात कुठे असेल तर तो जपून ठेवा, असे फोन करून सांगणारी माणसे मी ग्रंथांत वाचली होती. माझ्या घरात एक होती, आणि मी तिच्याशी चष्म्यावरून भांडत होतो.

“पण कारण कळल्याशिवाय तू परत कामावर जाणार?” मी विचारले.

“तुम्हाला कारण हवंय, की शिक्षा?”

तिला उत्तर नकोच होते.

“एकाच पोत्यातून दोन नमुने काढले,” ती म्हणाली, “तर एकात तणाचे तीन दाणे निघतात, दुसऱ्यात पाच. पोतं तेच, हात तोच. का? सांगता येत नाही. म्हणून आमच्याकडे तक्ता असतो. एवढा फरक चालेल, याच्यापुढचा नाही. आत असला तर सही करायची, बाहेर गेला तर सगळं परत. का म्हणून रडत बसलो तर पेरणी निघून जाईल.”

त्या रात्री मी कारणांचा कागद फाडला, असे लिहिले तर ते खोटे होईल. तो मी घडी करून कपाटात ठेवला.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी कामावर जायला परवानगी दिली, आणि तपासणीचा दिवस ठरला. तिने घातलेली अट अशी की तपासणाऱ्याला कोणती थाळी कुणाची हे कळता कामा नये. धाकटी तपासणार होती. थाळ्यांच्या चिठ्ठ्या बदलण्याचे काम पत्नीने माझ्यावर सोपवले. “त्यांना वाद घालता येतो,” ती प्रमुखांना म्हणाली, “पण लबाडी येत नाही.” मला मिळालेल्या प्रशस्तिपत्रांत हे पहिले.

मी तीन थाळ्या घेतल्या. ‘क’ म्हणजे एकविसावा शेकडा, हात जाण्याच्या लगेच आधीचा. ‘ख’ म्हणजे बाविसावा, त्या आठ मिनिटांचा. ‘ग’ म्हणजे त्याच नमुन्यातला, पण धाकटीने स्वतः मोजलेला एक शेकडा.

धाकटी भिंगापाशी बसली. प्रमुख खिडकीत उभे राहिले. बोलायची बंदी असल्याने त्यांना फार त्रास होत होता. माझी पत्नी भिंतीलगतच्या बाकावर बसली, मांडीवर हात ठेवून. मी तिच्या शेजारी. खोलीत चिमट्याचा पाटीवर होणारा बारीक टकटक आवाज तेवढा होता. धाकटीने आधी ‘ग’ घेतली. मग ‘ख’. त्या थाळीत कोबीच्या कप्प्यातला एक अर्धवट फुटलेला दाणा तिने बाजूला काढला. नियम असा की अर्ध्याहून मोठा तुकडा असेल तर तो बी धरायचा, लहान असेल तर कचरा. तिने तो मापपट्टीवर ठेवला, वळवून ठेवला, पुन्हा ठेवला. माझ्या पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी चेहरा भिंतीसारखा ठेवण्याचा प्रयत्न केला. तिने मान वळवली. माझा चेहरा वाचायचा मोह तिने टाळला, हे मला कळले, आणि त्या क्षणी तिच्याइतके प्रामाणिक माणूस मी दुसरे पाहिले नव्हते. धाकटीने तुकडा परत कोबीत ठेवला. मग ‘क’. ‘क’ला सर्वांत जास्त वेळ लागला. शेवटी तिने एक दाणा चिमट्यात धरून उजेडात नेला, मग भिंगाखाली आणला, आणि वेगळा ठेवला.

“झालं,” ती म्हणाली. “बोलू?”

“बोल की बाई!” प्रमुख जवळजवळ ओरडले.

“ग बरोबर. ख बरोबर, शंभर दाणे, रानमोहरी तीन, तिन्ही काढलेल्या. फुटका दाणा अर्ध्याहून मोठा आहे, बी धरलंय ते योग्य. क मध्ये एक चूक. कोबीत रानमोहरीचा एक दाणा राहिलाय.”

आता सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी उभा राहिलो आणि सांगितले, “ख म्हणजे बाविसावा शेकडा. त्या आठ मिनिटांचा.”

“आणि क?” पत्नीने विचारले.

“एकविसावा. तुझे दोन्ही हात चांगले होते तेव्हाचा.”

मग तिला हसू आले, आणि ते आवरेना. “ऐकलंत? धडधाकट असताना चुकले, आणि हात गेल्यावर नाही. शोधा आता कारण!”

कारणे मला लगेच सुचली. ती चष्म्याशिवाय बसली होती. ती माझ्यावर चिडलेली होती. किंवा मेंदूतले ते रक्त आधीच कुठेतरी अडखळू लागले होते. किंवा एकतीस वर्षांत कधीतरी होते तसे झाले. चार कारणे, आणि आधार एकालाही नाही. मी तोंड उघडले, आणि पुन्हा मिटले. ही गोष्ट प्रमुखांनी पुढे आठवडाभर सगळ्यांना सांगितली.

तिचे हसू मात्र थांबले होते. “धाकटे,” ती म्हणाली, “ती क मधली चूक सोडून देऊ नकोस. तक्ता काढ. संपूर्ण नमुन्यात तणाचे किती निघाले ते धर, त्यात हा एक मिळव, आणि फरक बघ. माझ्याकडे बघू नकोस, आकड्याकडे बघ. बाहेर जात असेल तर मी लिहून दिलंय ते प्रमुखांच्या टेबलावर आहे.”

धाकटीने तक्ता काढला. तिने बोट ओळीवरून नेले, एकदा, मग पुन्हा एकदा, आणि दुसऱ्या कागदावर बेरीज करून पाहिली. मग तिने अहवालाचा कागद माझ्या पत्नीपुढे सरकवला.

“मर्यादेच्या आत आहे, बाई,” ती म्हणाली. “सही करा.”